देवाचा तीळ

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, कंपनीत लाइनवर माझ्या शेजारी उभी राहणाऱ्या उज्ज्वलालाही नाही — आणि उज्ज्वलाच्या पोटात तर माझं निम्मं आयुष्य आहे. देवाला सांगितलं का? त्याला काय सांगायचं, तो तिथंच होता. जे झालं ते त्याच्याच अंगावर झालं.

एक आधीच सांगून ठेवते. रडगाणं ऐकायला बसला असाल तर निराशा होईल. मी आनंदात आहे. इतकी, की सकाळी कंपनीच्या गेटवर रांगेत उभी असताना कधीकधी उगाच हसू येतं आणि बाजूच्या बाया विचारतात, काय गं, काय झालं? काही झालेलं नसतं. देवाला फसवलेल्या बाईनं एवढं आनंदात असावं का — विचाराल तुम्ही. मीही विचारलंय. पण चोरी सांगायची आणि आनंद झाकून ठेवायचा, हे काही मला जमणार नाही.

कुठून सुरू करू? आत्यांपासून करते.

आत्या म्हणजे माझी सासू. आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात. आमचं गाव महाळुंग्याच्या पलीकडं — गाव म्हणजे आता काय, कंपन्यांच्या भिंतींमध्ये उरलेल्या चार आळ्या आणि मधोमध भैरवनाथाचं देऊळ. मागच्या कंपनीची शेड देवळाच्या कळसाहून उंच आहे. आमचं घर गुरवाचं. पहाटे देवाला अंघोळ घालायची, शेंदूर-फूल करायचं, दिवा लावायचा, ही सेवा आमच्या घरात पिढ्यानपिढ्या. सासरे गेल्यावर ती आत्यांच्या अंगावर आली. माझा नवरा संजय कंपनीची बस चालवतो. पहाटे तो पहिल्या शिफ्टची माणसं गोळा करत फिरत असतो, त्याला देव कुठून गाठणार? मग आत्यांच्या हाताखाली राबायचे ते दत्तूभाऊजी, माझे चुलत दीर. पाणी आणणं, गाभारा धुणं, समया घासणं, सगळं तेच करायचे, कुणी न सांगता. आत्यांच्या मागं सेवा त्यांचीच, हे गावानं धरून ठेवलं होतं आणि त्यांनीही.

आत्यांना मी कधी कुरकुरताना पाहिलं नाही. हे कौतुकानं सांगत नाहीये. तेव्हा मला त्याचा राग यायचा. नवरा गेला, गुडघे गेले, दिसायचं कमी झालं, तरी बाई समाधानी. भाजी खारट झाली तरी समाधानी. माणसाला काही हवंच कसं नसतं? मला तर सगळं हवं होतं. काहीही झालं की त्यांचं एकच ठरलेलं — "त्यानं काय तरी इचार केला आसंल." त्यानं म्हणजे देवानं. आणि कशाबद्दल शंका आलीच, तर कौल लावायचा.

कौल तुम्हाला ठाऊक असेल. तरी आमच्या देवळाची रीत सांगते, कारण सगळी गोम त्या रीतीतच आहे. कण्हेरीच्या दोन पाकळ्या पाण्यात भिजवायच्या. एक देवाच्या उजव्या खांद्याला चिकटवायची, एक डाव्या. ज्याला विचारायचं त्यानं हात जोडून प्रश्न विचारायचा, पण मनातल्या मनात. मग बसून राहायचं. उजवी पाकळी आधी पडली तर देव हो म्हणाला, डावी पडली तर नाही. कुणाच्या पोरीचं लग्न असतं, कुणाला पर्मनंट होईन का विचारायचं असतं, कुणाला पिंपळे सौदागरला फ्लॅट घ्यायचा असतो. माणसं शिफ्टला जाता जाता कौल लावून जातात. प्रश्न काय होता ते देवाला ठाऊक आणि विचारणाऱ्याला. पाकळ्या लावणाऱ्यालाही तो कळत नाही.

हे शेवटचं मी तेव्हा नीट ध्यानात घेतलं असतं तर! पण माझं ध्यान दुसरीकडं होतं.

मला नोकरी हवी होती. गाडीच्या आत वायरींचे जे जुडगे असतात ते बनवणारी एक कंपनी आमच्या गावाला लागून आहे. तिथं बायकांची भरती चालू होती. आमच्या आळीतल्या काही जणी लागल्याही होत्या. निळा कोट, गळ्यात ओळखपत्र, कँटीनचा चहा. त्या निळ्या कोटाची मला अशी हाव सुटली होती, की भाकरी थापतानाही डोळ्यांपुढं तोच. संजय म्हणाला, आईला विचार. आत्यांना विचारलं तर त्या काठी घेऊन देवळाकडं निघून गेल्या. काही दिवस तसेच गेले. मग एका संध्याकाळी वाती वळता वळता म्हणाल्या, "उद्या कौल लावू. तुझ्याबद्दल देवाला इचारायचं हाय. माझा हात कापतो, पाकळ्या तूच लाव."

तुझ्याबद्दल! माझ्या जागी तुम्ही असता तर काय समजला असतात?

आमच्या ओसरीच्या कोनाड्यात संजयचा ग्रीसचा डबा असायचा, बसच्या किरकोळ कामाचा. पहाटे देवळात निघताना मी त्यात बोट घातलं.

झालं. बाहेर पडलं एकदाचं. करंगळीचं टोक फक्त — पण करंगळी असो की हात, घालायचा तो घातलाच. पदराखाली बोट लपवून मी आत्यांच्या मागून चालत गेले. डाव्या पाकळीच्या पाठीला ते ग्रीस लावलं आणि ती देवाच्या डाव्या खांद्यावर दाबून बसवली. उजवी नुसत्या पाण्यानं, तीही अशी ओझरती, की वाऱ्यानंही निघावी. आत्या डोळे मिटून बसल्या होत्या. मला भीती वाटली नाही. माझा हात कापला नाही. मनात म्हटलं, दगडाला काय कळतंय? गुरवाच्या घरची सून मी. ज्याची भांडी रोज घासायची त्याचं कसलं आलंय अप्रूप?

उजवी पडली. लगेच पडली.

आत्यांनी डोळे उघडले, पाकळी पाहिली आणि त्यांच्या डोळ्यांना धार लागली. मला वाटलं, सुनेला घराबाहेर धाडायचं म्हणून बाईला भरून आलं. तेवढ्यात दत्तूभाऊजी पाण्याची कळशी घेऊन आत आले. आत्या त्यांना म्हणाल्या, "दत्तू, देवानं मंगलला मागितलं रे. मी त्याला इचारलं व्हतं, देवा, माझ्यामागं तुझी सेवा सुनंच्या हाती देऊ का. उजवा दिला त्यानं."

मंगल म्हणजे मी.

माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? खरं सांगते — कोट गेला! हे आलं. मी नोकरीसाठी सापळा लावला होता आणि त्यात देव येऊन बसला होता. भाऊजींचं दुःख नंतर दिसलं मला. त्यांनी कळशी खाली ठेवली, आवाज न करता. देवाला लोटांगण घातलं. उठले आणि वाकून माझ्या पायाला हात लावला. "वहिनी, आजपासनं देवाचं पाणी तुमच्या हातानं." त्यांच्या तोंडावर राग शोधला मी. नव्हता. गिळून झालेलं काहीतरी होतं. ज्या देवाचा गाभारा त्यांनी इतकी वर्षं धुतला त्यानं त्यांना नको म्हटलं होतं, आणि ते मान खाली घालून मानत होते. मी तेव्हा करंगळी पदराला पुसत होते.

एक वाक्य बोलायचं होतं. का नाही बोलले? घाबरले, हे तर आहेच. पण त्याहून वाईट सांगते — मला आवडलं. म्हातारीचं ठीक, पण तरण्या बाईनं रोज गाभाऱ्यात शिरायचं का, यावर पारावरच्या म्हाताऱ्यांनी आकाशपाताळ एक केलं. तेव्हा आत्या काठी टेकत तिथं गेल्या आणि म्हणाल्या, "उजवा कौल हाय. ज्याला देवाशी भांडायचंय त्यानं जाऊन भांडावं." ज्या गावात मी नुसती संजयची बायको होते, तिथं म्हातारी माणसं मला वाट द्यायला लागली. देवानं निवडलेली सून! माझी मान ताठ झाली. कशानं ताठ झाली, ते मला एकटीला ठाऊक.

आणि कोटही मिळालाच की. देवानं मागितलेल्या सुनेला आत्या कशाला नाही म्हणतील? पहाटे पूजा, मग पहिली शिफ्ट. चोराला इतकं यश येऊ नये खरं तर.

भाऊजींनीही नोकरी धरली, सिक्युरिटीची. कुठं? माझ्याच कंपनीच्या गेटवर. रोज आत जाताना बायकांच्या पिशव्या बघणारी बाई वेगळी असायची, पण तिच्या शेजारी भाऊजी टोपी घालून उभे, आणि रोज विचारणार, "झाली का पूजा, वहिनी?" झाली, म्हणायचे मी, आणि कार्ड पंच करून सटकायचे. एकदा धीर करून विचारलं, भाऊजी, इथं करमतं का तुम्हाला? म्हणाले, "आधी त्याच्या दारात उभा व्हतो, मग त्यानं हितं उभं केलं. दार ते दारच की." आणि हसले. खोटं हसू मी लांबून ओळखते, रोज वापरत होते ना. ते हसू खोटं नव्हतं.

आता तुम्हीच सांगा. एका कौलावर तीन माणसं जगत होती. आत्या समाधानी, कारण सेवा देवानं सांगितली तिथं गेली. भाऊजी समाधानी, आणि त्यांच्या तर हातातलं सगळं काढून घेतलेलं. मग जिला सगळं मिळालं तिचं काय? कोट होता, मान होता, संजय चार लोकांत कौतुक करायचा. आणि तरी माझं पोट म्हणून भरायचं नाही. लाइन लीडर केलं मला, तेव्हाही पेढा तोंडात घातला आणि वाटलं, बरं, पुढं? आत्या आणि भाऊजी म्हणायचे देवानं दिलं. मला ठाऊक होतं कुणी दिलं. कुणी काही दिलं तर माणूस हात जोडतो, मोकळा होतो. जे आपणच उचलून आणलं, त्याच्यासाठी हात कुणापुढं जोडायचे?

एकदा कंपनीत पुण्याहून एक मॅडम आल्या, सुखी आयुष्यावर बोलायला. चांगल्या होत्या बिचाऱ्या. म्हणाल्या, ज्यांची कशावर तरी श्रद्धा असते ती माणसं जास्त समाधानी दिसतात. तुमच्यात आहे का असं कुणी? सगळ्या लाइननं माझ्याकडं बोट केलं. मंगलताई! पहाटे देवाची सेवा करून येतात! मॅडमनी मला पुढं बोलावलं. आणि मी — अहो, मी बोलले. देवापाशी बसलं की मन कसं निवतं, हवंनको काही उरत नाही, त्यानं काही विचार केला असेल म्हणून सोडून देता येतं. सगळी वाक्यं आत्यांची. टाळ्या पडल्या. जागेवर आले तर उज्ज्वला वायरी ओवता ओवता हळूच म्हणाली, "छान बोललीस. पण पूजा करून आल्यावर तुझं तोंड असं का असतं गं, माल रिजेक्ट झाल्यासारखं?" उज्ज्वला पिंपरीची. पौर्णिमेला विहारात जाते, वंदना म्हणते, आणि उरलेला वेळ माझी थट्टा करते. मी हसण्यावारी नेलं. ती नाही हसली.

डागाचं सांगायचं राहिलं. त्या पहाटे डावी पाकळी नंतर काढली तरी देवाच्या खांद्यावर ग्रीसचा काळा ठिपका उरला होता. सेवा माझ्या हाती आल्यावर मी पहिलं काम काय केलं असेल? तेलात शेंदूर कालवला आणि त्यावर थापला. मग अमावास्या-पौर्णिमेला थरावर थर चढत गेले. ठिपका आत आत गेला.

आणि मधल्या काळात एक भलतीच गोष्ट घडली. मला तो आवडायला लागला. तो दगड. थंडीत त्याला गार पाणी ओतवेना, म्हणून मी घरून कोमट पाणी न्यायला लागले. संजय हसायचा. लाइनवर काही बिनसलं की पहाटे त्याला सांगायचे. विश्वास होता का माझा? नाही म्हणता येत नाही, हो म्हणायची लाज वाटायची. ज्याला आपण फसवलं त्याच्यावरच जीव जडला तर काय करायचं, हे कुणाला विचारणार?

आत्या गेल्या त्या दिवशी मी त्यांच्या पायाशी बसले होते. दुपारची वेळ होती. त्यांनी पाणी मागितलं, दोन घोट घेतले आणि म्हणाल्या, "माझं समदं जागच्या जागी हाय." मग झोपल्या त्या उठल्याच नाहीत. त्या वाक्यात माझा ठिपकाही होता. मी सांगितलं नाही.

मग आला तो सुट्टीचा दिवस.

देवावर वर्षानुवर्षं शेंदूर चढला की कधीतरी ते कवच आपोआप सुटतं. देवानं खोळ टाकली म्हणतात. फार शुभ मानतात, कारण असं कैक वर्षांत एकदा होतं. त्या सकाळी मी तांब्या ओतला आणि काहीतरी करकरलं. डाव्या खांद्यापासून एक चीर निघाली, छातीवर उतरली, आणि अख्खं कवच तुकड्यातुकड्यांनी खाली आलं. आतून जुना शेंदूर निघाला, आत्यांच्या हातचा, गडद, पिकलेला. घंटा वाजली, गाव धावलं. भाऊजी नाइट करून गणवेशातच आले होते, ते तसेच आत शिरले. बाया नारळ घेऊन आल्या, कुणी गुलाल आणला. सगळ्यांना चमत्कार दिसत होता. आणि मला? मला आठवत होतं की चीर डाव्या खांद्यापासून निघाली. तेलकट ग्रीसवर शेंदूर धरत नाही, हे संजयच्या बायकोला कळायला हवं होतं.

तुकडे नदीत सोडायचे असतात. भाऊजी ते कुणाच्या तरी उपरण्यात गोळा करत होते. एक तुकडा त्यांनी उलटा केला आणि थांबले. "वहिनी, हे बगा." तुकड्याच्या आतल्या बाजूला काळा गोल ठिपका. माझ्या करंगळीच्या टोकाएवढा. "तीळ," भाऊजी म्हणाले. "देवाच्या खांद्याव तीळ व्हता. एवढी वर्सं अंघोळ घातली, कधी दिसला न्हाई." आणि त्यांनी तो ठिपका कपाळाला लावला, डोळ्यांना लावला. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि त्यांना त्याचं भानही नव्हतं.

ज्या ग्रीसनं त्या माणसाचं सगळं नेलं, तेच तो कपाळाला लावत होता. इतकी वर्षं मी समजत होते की आपण एक युक्ती केली. त्या क्षणी पहिल्यांदा मला ती चोरी दिसली, ज्याच्याकडून केली त्या माणसासकट.

मी बाहेर नळावर गेले. साबण लावून हात धुतले, नखं धुतली, पुन्हा धुतले. आत आले आणि म्हणाले, भाऊजी, कौल लावायचाय. पाकळ्या तुम्ही लावा. मी हातसुद्धा लावणार नाही.

भाऊजींनी कण्हेरीच्या पाकळ्या भिजवल्या, आत्यांच्या शेंदरावर लावल्या आणि बाजूला सरले. मी हात जोडले आणि मनात विचारलं — सेवा माझ्याकडं ठेवू का? आणि ऐका, मला काय हवं होतं ते. मला हो हवं होतं. जीव तोडून हो हवं होतं. म्हण हो, म्हणजे मी जे उचललं ते तू दिलंस असं होईल. म्हण, आणि सोडव मला. गाभाऱ्यात माणसं दाटली होती. पाकळ्या हलेनात. पहिल्यांदाच मी त्या दगडापुढं बसले होते आणि पुढं काय होणार ते मला ठाऊक नव्हतं.

डावी पडली.

कशी पडली, तर अगदी साधी. जरा सरकली, वळली, खाली आली. उजवी तशीच खांद्यावर.

आणि मला काय झालं असेल? वाटलं होतं काळीज फाटेल. पण छातीवर ठेवलेलं काहीतरी कुणीतरी उचलून बाजूला ठेवावं, तसं झालं. मी हसले हो. त्या भरल्या गाभाऱ्यात डोळ्यांतून पाणी आणि तोंडभर हसू. नाही म्हणाला! मला नाही म्हणाला. म्हणजे माझ्याशी बोलला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा असं काहीतरी माझ्या वाट्याला आलं होतं, जे मी माझ्या बोटानं आणलेलं नव्हतं. तुम्ही म्हणाल, वाऱ्यानं पडली असेल. असेल. भाऊजींचा अंगठा डावीकडं हलका लागला असेल. तेही असेल. त्यात माझा हात नव्हता, एवढं मला पुरे होतं, आजही पुरतं.

मी उठून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मी विचारलं होतं, सेवा माझ्याकडं ठेवू का. देव नाही म्हणाला. आजपासून सेवा दत्तूभाऊजींची." कुजबुज सुरू झाली. भाऊजी हात जोडून मागं सरले, "वहिनी, असं नगा करू. काकींचा शब्द हाय." मी म्हणाले, "उजवा पडला तेव्हा मानलात ना? मग डावा पण माना." आत्यांच्या तालमीतला माणूस, कौलापुढं काय बोलणार? मी तांब्या त्यांच्या हातात दिला. त्यांनी पुढं होऊन देवावर पाणी ओतलं आणि ओतताना त्यांचे ओठ असे थरथरत होते, की मी भिंतीकडं तोंड केलं.

पण ग्रीसचं बोलले नाही. एवढं सगळं बोलले, तेवढं गिळलं. गावानं म्हटलं, बाईनं केवढा त्याग केला. नाहीतर कोण सोडतं? पारावरच्या त्याच म्हाताऱ्यांनी माझं उदाहरण द्यायला सुरुवात केली. तेही मी ऐकून घेतलं. चोरलेली वस्तू परत ठेवली आणि वर शाबासकीही घेतली. हीही चोरीच, माहीत आहे मला.

दुसऱ्या दिवशी पहिली शिफ्ट होती. पहाटे उठले, कोमट पाणी तापवायला गेले आणि आठवलं, आता नाही. रिकाम्या हातांनी ओसरीवर बसले. देवळातून घंटेचा आवाज आला, माझ्या हातचा नसलेला. आणि मी तिथंच हात जोडले. काही मागायला नाही. इतक्या वर्षांत मला हात जोडायला जागाच नव्हती, ती मिळाली होती. लाइनवर उभी राहिले तर उज्ज्वलानं माझ्याकडं निरखून पाहिलं आणि म्हणाली, "आज माल पास झालेला दिसतोय." सेवा गेली म्हणून सांगितलं तर तिचा विश्वास बसेना. सेवा गेल्यावर कुणी असं दिसतं का, म्हणाली. त्या मॅडम पुन्हा यायला हव्या होत्या. या वेळी माझी स्वतःची वाक्यं होती.

मी श्रद्धाळू झाले का? मला तो शब्द अजून अंगावर मोठा होतो. पण आत्या ज्यावर जगल्या ते काय होतं, ते आता ठाऊक आहे मला. मी समजत होते की त्यांना सगळं मनासारखं मिळत गेलं म्हणून त्या समाधानी होत्या. त्यांना काहीच मनासारखं मिळालं नव्हतं. मिळालं ते दुसऱ्या कुणाच्या हातून आलं, असं त्या धरून चालल्या आणि निवांत झोपल्या. मला ती झोप मिळायला माझी आवडती वस्तू हातातून जावी लागली. गेली. आणि मी जिंकले. दुसरा शब्द नाही माझ्याकडं.

भाऊजींनी आता दुसरी शिफ्ट घेतलीय. पहाटे देव, दुपारी गेट. मी सुटून बाहेर पडते तेव्हा ते टोपी नीट करत ड्यूटीवर येत असतात. आता मी विचारते, "झाली का पूजा, भाऊजी?" ते म्हणतात, झाली. आणि आम्ही दोघंही हसतो. माझं हसूही आता खरं असतं.

खोळीचे बाकीचे तुकडे त्यांनी नदीत सोडले. तो एक सोडला नाही. तो त्यांच्या घरच्या देव्हाऱ्यात आहे, चांदीच्या वाटीत. रोज त्याला हळदकुंकू लागतं. पोरांना ते सांगतात, हा देवाचा तीळ. मी सणासुदीला जाते तेव्हा माझ्यापुढंही ती वाटी धरतात, आणि मी वाकून नमस्कार करते.

तो तीळ नाही. ग्रीस आहे, संजयच्या डब्यातलं. ते मी लावलं.